कॅलरी हे कुणाचे माप?

बिस्किटाच्या पुड्यावर 'ऊर्जा' या शब्दापुढे जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा कुणी मोजलेला नसतो. बिस्किटात प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके किती ग्रॅम आहेत हे ठरवायचे, प्रथिनांना आणि कर्बोदकांना ४ ने गुणायचे, स्निग्धांना ९ ने, आणि बेरीज मांडायची, एवढीच ती रीत. हे गुणक सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, मोजक्या माणसांवर केलेल्या अतिशय काटेकोर प्रयोगांतून निघाले. ज्यांनी ते काढले त्या विल्बर ॲटवॉटर यांना कुणी चौथे बिस्कीट खावे की नाही हे सांगायचे नव्हते. मजुराच्या कुटुंबाला थोड्या पैशात पुरेसे अन्न कसे मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. या पुस्तकाचे सारे म्हणणे या फरकाभोवती फिरते. कॅलरी हे समूहाचे माप आहे. शाळा, सैन्य, तुरुंग, जिल्हा, देश अशा मोठ्या बेरजांवर ते भरवशाचे ठरते. एका माणसाच्या एका ताटाला लावले की तो भरवसा झपाट्याने कमी होतो. आणि गेली पंधरा-वीस वर्षे आपण नेमके उलट्या दिशेने चाललो आहोत. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये भारताची दारिद्र्यरेषा कॅलरीपासून सोडवली, आणि त्यानंतरच्या वर्षांत मोबाइलने, पाकिटांनी आणि मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डांनी तीच कॅलरी एकेका घासाशी बांधली.

उष्णता मोजून जिवंत शरीराबद्दल काही सांगता येईल, ही कल्पनाच मुळात धाडसाची होती. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि किती बर्फ वितळतो ते मोजले. त्या प्राण्याच्या श्वासातून जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तेवढाच कोळसा जाळून निर्माण केला तर किती बर्फ वितळेल, याच्याशी त्यांनी तो आकडा ताडून पाहिला. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण श्वसन हे एक मंद ज्वलन आहे असे म्हणण्याइतके जवळ आले. कॅलरी हे एकक मात्र या दोघांचे नाही. ते निकोला क्लेमाँ या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ ते १८२४ या काळातल्या पॅरिसमधल्या व्याख्यानांत वापरले, आणि तिथे विषय अन्नाचा नव्हता, वाफेच्या इंजिनांचा होता. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे त्यांची एक कॅलरी. रसायनशास्त्रज्ञांना हे माप फार मोठे पडले. फाव्र आणि सिल्बरमान यांनी १८५२ मध्ये एका ग्रॅम पाण्यावर बेतलेली कॅलरी वापरली, आणि एकाच नावाची दोन मापे, एक दुसऱ्याच्या हजारपट, शेजारी शेजारी चालू राहिली. आहाराच्या बोलण्यातली कॅलरी म्हणजे विज्ञानातली किलोकॅलरी. या पुस्तकातही तसेच समजावे. पाणी कोणत्या तापमानाचे घेतले यावरूनही कॅलरी किंचित बदलते, म्हणून पुढे तिची व्याख्या ज्यूलवर टेकवावी लागली: एका ग्रॅम पाण्यावर बेतलेली एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये उष्णतेचे एकक म्हणून ज्यूलच स्वीकारला आणि भौतिकशास्त्रातले कॅलरीचे काम जवळपास संपले. आहारशास्त्रात ती राहिली, कारण तोपर्यंत तिच्या नावावर एक मोठा शोध जमा झाला होता.

तो शोध जर्मनीत सुरू झाला. माक्स रुब्नर यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्याला उष्णतामापक पेटीत ठेवून दाखवले की त्याने खाल्लेल्या अन्नातून हिशेबाने जेवढी उष्णता मिळायला हवी, जवळजवळ तेवढीच त्याच्या शरीरातून बाहेर पडते. माणसावर हे करणे फार कठीण होते. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांच्या प्रयोगशाळेत काम पाहून आलेल्या ॲटवॉटरनी ते अंगावर घेतले. मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक बंद खोली उभारली. आत खाट, टेबल, खुर्ची आणि व्यायामाची सायकल. माणूस तिथे काही दिवस सलग राहायचा. आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा तपासली जायची, भिंतींतून फिरणाऱ्या पाण्याने किती उष्णता उचलली ते मोजले जायचे. आत पाठवलेल्या जेवणाचा नमुना आणि त्या माणसाचे मलमूत्र दोन्ही वाळवून ज्वलनमापकात जाळले जायचे, म्हणजे शरीराने नेमके किती ठेवून घेतले हे कळावे. शेवटी जमा आणि खर्च यांचा ताळा सरासरीने एका टक्क्याच्या आत बसला. निर्जीव यंत्राला लागू असलेला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम विचार करणाऱ्या, झोपणाऱ्या, सायकल मारणाऱ्या माणसालाही लागू आहे, हे यातून ठरले. कॅलरी हा फसवा आकडा आहे असे आजकाल अनेक आहारपंथ ठासून सांगतात. त्यांच्यापैकी कुणीही या खोलीतल्या ताळेबंदाला उत्तर दिलेले नाही, आणि देता येणारही नाही. शरीर ऊर्जा निर्माण करत नाही आणि नष्टही करत नाही.

मग भरवसा कमी होतो तो कुठे? ४-९-४ हे गुणक कसे निघाले ते पाहिले की ती जागा सापडते. एक ग्रॅम प्रथिन ज्वलनमापकात पूर्ण जाळले तर सुमारे ५.६५ कॅलरी मिळतात. शरीर ते पूर्ण जाळत नाही. नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे जातो आणि त्याबरोबर ग्रॅममागे सुमारे सव्वा कॅलरी जाते. शिवाय खाल्लेले सगळे प्रथिन आतड्यातून शोषले जात नाही. ॲटवॉटरनी शोषणाचे प्रमाण ९२ टक्के धरले. स्निग्धांसाठी ९५ आणि कर्बोदकांसाठी ९७ टक्के. हे आकडे त्या काळच्या अमेरिकी मिश्र जेवणाचे आहेत, ज्यात पाव, मांस, दूध, बटाटा असे सगळे एकत्र होते. त्या मिश्रणात एका पदार्थाचे कमी पचन दुसऱ्याच्या जास्त पचनाने भरून निघते, म्हणून एकूण बेरीज बरोबर येते. गुणक काढतानाच त्यात सरासरी मिसळलेली आहे. एकच पदार्थ बाजूला काढून त्याला तो गुणक लावला की भरपाई करायला दुसरे काही उरत नाही आणि चूक उघडी पडते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांवर असा प्रयोग केला. २८ ग्रॅम बदामांना प्रचलित हिशेबाने १७० च्या आसपास कॅलरी पडतात. माणसांच्या शरीराला प्रत्यक्ष मिळाल्या त्या सुमारे १२९. बाकीचे तेल न फुटलेल्या पेशींच्या भिंतींआड अडकून तसेच बाहेर पडले. पुढच्या प्रयोगांत तेच बदाम भाजून, तुकडे करून आणि शेवटी वाटून दिले, तशी मिळणारी ऊर्जा पायरीपायरीने वाढत गेली. शेंगदाण्याचेही असेच आहे. अख्खे दाणे, दाण्यांचे लोणी आणि दाण्याचे तेल यांची तुलना १९८० मध्येच झाली होती, आणि अख्ख्या दाण्यांतले तेल सर्वांत जास्त वाया जाते असे दिसले होते. ज्या घरांत भाजलेला दाणा येता-जाता तोंडात टाकला जातो आणि उसळीत, कोशिंबिरीत, खिचडीत त्याच दाण्याचा कूट पडतो, तिथे पाकिटावरचा एकच आकडा या दोन्ही खाण्यांना लागू होऊ शकत नाही. तंतुमय पदार्थांचाही वेगळा हिशेब करावा लागतो. त्यांना आता ग्रॅममागे साधारण २ कॅलरी धरतात, कारण त्यांची ऊर्जा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हातून, तीही अर्धवट, आपल्यापर्यंत येते. कृषी खात्याच्या मेरिल आणि वॉट यांनी १९५५ मध्येच पदार्थागणिक वेगळे गुणक छापले होते. ते असूनही जगभर सोपे ४-९-४ च चालले.

ही झाली अन्नाच्या बाजूची सरासरी. दुसरी सरासरी माणसाच्या बाजूला आहे, आणि तिच्यावरून महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या अभ्यासकांमध्ये जो वाद झाला तो या पुस्तकाच्या मध्यभागी आहे. त्या वादाची मुळे आधीची आहेत. राष्ट्रसंघासाठी १९३५ मध्ये आहार आणि सार्वजनिक आरोग्यावरच्या अहवालात सहभागी असलेले वॉलेस आयक्रॉइड त्याच वर्षी निलगिरीतल्या कुन्नूरच्या आहार-प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका १९३७ मध्ये निघाली आणि ज्वारी, बाजरी, तूरडाळ यांच्यापुढे कॅलरीचे आकडे बसले. ते आकडे हाती असल्यामुळेच १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात एक थेट प्रश्न विचारू शकले: माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न घ्यायला कुटुंबाचा एकूण खर्च किती असावा लागतो, आणि किती लोक त्या खर्चाच्या खाली आहेत? पुढे १९७९ मध्ये योजना आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० हे आकडे ठरवले. दारिद्र्यरेषा ही कल्पना देशाच्या बोलण्यात रुजली ती या कॅलरींच्या पायावर.

त्या पायालाच पां. वा. सुखात्मे यांनी हात घातला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जगातल्या भुकेची मोजणी करण्यात त्यांची वर्षे गेली होती. त्यांचे म्हणणे असे: निरोगी माणसाचे खाणे आणि ऊर्जेचा खर्च दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलत असतो. शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते, कमी मिळाले तर जास्त काटकसरीने वापरते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी मोजणे चूक आहे. या बदलाच्या खालच्या टोकाच्याही खाली जो आहे त्यालाच उपाशी म्हणावे. दांडेकरांचे उत्तर असे की दारिद्र्यरेषा हे कुपोषणाचे वैद्यकीय निदान नव्हे. ती एका मोठ्या लोकसमूहाच्या खर्चाची रेषा आहे, आणि गरीब समूहाचे सरासरी खाणेच जर सर्वसाधारण गरजेच्या खाली असेल, तर ते शरीराच्या चढउतारामुळे नव्हे, पैसे नाहीत म्हणून आहे.

हा वाद एकाच्या जयाने संपला असे सहसा लिहिले जाते. मला ते पटत नाही. सुखात्मे एका माणसाबद्दल बोलत होते आणि तिथे त्यांचे बरोबर होते. दोन माणसे वयाने, वजनाने, कामाने सारखी असली तरी त्यांचा ऊर्जेचा खर्च बराच वेगळा असू शकतो, आणि एका माणसाचाही तो रोज तोच नसतो, याला पुढच्या संशोधनाने भक्कम आधार दिला आहे. दांडेकर समूहाबद्दल बोलत होते आणि तिथे त्यांचे बरोबर होते. चूक झाली ती एका माणसाबद्दलचे सत्य उचलून समूहाची रेषा खाली आणण्यात. शरीर सावरून घेते हे खरे, पण कशाच्या मोबदल्यात? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांनी ३६ तरुणांना सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला, विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला आणि शरीर त्या तुटपुंज्या अन्नावर स्थिरावलेही. पण त्यांना सतत थंडी वाजायची, जिना चढवत नसे, मन अन्नाशिवाय कशात लागत नसे. शरीराने जमाखर्च जुळवला तो माणसाच्या हालचालींतून, उबेतून आणि उत्साहातून कापून. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी, कमी अन्नावर वाढलेली शरीरे 'लहान पण निरोगी' असतात या त्या काळी जोर धरलेल्या युक्तिवादाला कडाडून विरोध केला तो याच कारणासाठी. सुखात्म्यांच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे की स्वच्छ पाणी आणि स्वच्छता नसेल तर पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता, आणि दुर्दैवाने वादाच्या धुरळ्यात तोच कमी ऐकला गेला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. कॅलरी समूहालाच लागू पडते असे म्हणावे, तर अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये दाखवून दिलेल्या कोड्याचे काय? १९८३ ते २००४-०५ या काळात ग्रामीण भारतातल्या माणशी रोजच्या कॅलरी सुमारे २२४० वरून २०५० च्या आसपास उतरल्या, आणि याच काळात उत्पन्न वाढत होते. २४०० ची रेषा धरली तर देश श्रीमंत होता होता जास्त उपाशी झाला असा विचित्र निष्कर्ष निघतो. तेंडुलकर समितीने कॅलरीचा आधार सोडण्यामागे अशा विसंगती होत्या. मला वाटते, इथे माप चुकलेले नाही, गरज बदललेली आहे. पंप, गिरणी, दुचाकी, ट्रॅक्टर आले की पाणी ओढण्याचे, दळण्याचे, पायपिटीचे श्रम कमी होतात. हगवण आणि ताप कमी झाले की अन्न अंगी जास्त लागते. त्या दोन अर्थतज्ज्ञांनीही याच दिशेने बोट दाखवले होते. १९७९ चा आकडा पंचवीस वर्षे तसाच ठेवणे ही प्रशासनाची चूक होती. गरज ठरावीक वर्षांनी नव्याने मोजायची असते, आणि ती मोजायलाही कॅलरीच लागते.

दुसरा आक्षेप अगदी वेगळ्या बाजूने येतो: वैयक्तिक मोजणी एवढी ढिली असेल, तर कॅलरी मोजून वजन उतरवणारी असंख्य माणसे दिसतात ती कशी? ती दिसतात हे मान्यच आहे. माणूस रोज साधारण तेच खात असेल आणि त्याच कोष्टकावरून मोजत असेल, तर त्याच्या आकड्यातली चूकही रोज तीच राहते. कालच्यापेक्षा आज कमी झाले हे त्याला बरोबर कळते. यातून सिद्ध होते ते एवढेच की आपल्याच कालच्या आकड्याशी तुलना करायला हे माप चालते. शेजारणीच्या १४०० शी किंवा पाकिटावरच्या २००० शी नाते जोडायला ते चालत नाही, आणि घराघरांत चालू आहे ते हेच. शिवाय आकडा बरोबर असला तरी माणूस जास्त का खातो याचे उत्तर त्यात नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखे मांडले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या ताटातून ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले. हा फरक कळला तो कॅलरी मोजल्यामुळे, आणि वीस जणांची सरासरी घेतल्यामुळे. पण त्याचे कारण भूक, पोत, खाण्याचा वेग यांत शोधावे लागते. ताटावर आकडा चिकटवून ते सापडत नाही.

कॅलरी टाकून ज्यूल घ्यावा, ही सूचना अधूनमधून होते. ऑस्ट्रेलियातल्या पाकिटांवर किलोज्यूल असतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांतही ऊर्जा किलोज्यूलमध्येच दिली आहे. विज्ञानाच्या शिस्तीसाठी ते योग्यच. पण बदामाच्या पेशीत अडकलेले तेल एकक बदलून सुटत नाही, म्हणून या पुस्तकात त्यावर जास्त पाने खर्च केलेली नाहीत.

पाने खर्च केली आहेत ती कॅलरीचा हक्क म्हणून वापर जिथे होतो तिथे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, हे आकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत आहेत. एखाद्या मुलाची भूक ४५० ची नसेल. कुणाला कमी पुरेल, कुणी दोनदा वाढून घेईल. पण दोनशे मुलांच्या पातेल्यात काय पडायला हवे हे ठरवायला आणि तपासायला याहून चांगले साधन आजही नाही. लहान वर्गांसाठी माणशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. तांदळाच्या साधारण ३५०, डाळीच्या ६५ ते ७०, तेलाच्या ४५, आणि भाजीच्या थोड्या: बेरीज ४५० च्या वरच जाते. दोनशे मुलांमागे रोज एक किलो तेल आणि चार किलो डाळ लागते, हे यातूनच निघते. तेल अर्धा किलो आणि डाळ दोन किलोच शिजत असेल, तर प्रत्येक ताटातून पन्नासहून अधिक कॅलरी गेल्या आणि प्रथिनेही गेली. हा हिशेब गावातली कुणीही आई शाळेच्या नोंदवहीत बघून करू शकते, आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडू शकते.